मुक्कामी गाडीसाठी अर्ज

एकतीस वर्षं मी लोकांचे अर्ज घेतले. तहसील कचेरीत पुरवठा शाखेला कारकून म्हणून लागलो आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. अर्ज हातात आला की वाचायच्या आधीच मला कळायचं, हा मार्गी लागणार की लोंबकळणार. तारीख नसली, सही नसली, पूर्ण नाव नसलं, तर मी तो आल्या पावली परत करायचो. लोक माझ्या माघारी मला काय म्हणायचे ते ठाऊक आहे. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

निवृत्तीनंतर साताऱ्यातली जागा सोडून मी खडकमाळला, आमच्या गावी, राहायला आलो. सातारा जिल्हा संपतो आणि सांगली सुरू होते त्या उंचवट्यावर आमचं गाव. घरटी एक माणूस मिलिटरीत, बाकी ज्वारी, मेंढरं आणि पारावरच्या गप्पा. अर्ज या शब्दाशी आपला संबंध संपला, असं मी धरून चाललो होतो.

मग जूनच्या सुरुवातीला एका सकाळी राजेश्वरी दारात येऊन उभी राहिली. दहावीला एक्याण्णव टक्के मिळवलेली पोर. तिचा बाप जोतिबा मिलिटरीत होता. सहा वर्षांपूर्वी उत्तरेत पलटणीचा ट्रक दरीत गेला, त्यात तो गेला. आई पूजा सांगलीला एका दवाखान्यात कामाला असते, चार बायकांत एका खोलीत राहते. त्यामुळे पोरगी इथे आजीजवळ, मनुबाईजवळ.

"आप्पा, एक अर्ज लिवून द्या," ती म्हणाली.

"कशाचा?"

"मुक्कामी गाडीचा."

ही एसटी पूर्वी संध्याकाळी सातला गावात यायची आणि मुक्कामाला थांबायची. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात झोपायचे. सकाळी सहाला ती तालुक्याला निघायची. कोरोनात बंद झाली ती झालीच. आता एसटी धरायची तर फाट्यापर्यंत सात किलोमीटर माळ तुडवायचा. सायन्सचं कॉलेज तालुक्याला, आणि ते भरतं सकाळी साडेसातला. मनुबाईने नातीला साफ सांगितलं होतं, अंधारात माळावरनं एकटी सोडायची नाही. गाडी आली तर कॉलेज, नाही तर घर. प्रवेशाला पंधरा दिवस उरले होते.

"अर्जानं गाडी येती का, आप्पा?"

नाही येत, असं मी सांगणार होतो. खरं ते तेच होतं. पण पोरीने वही उघडून पेन पुढे धरलं होतं, आणि ती माझ्याकडे असं बघत होती, जणू मीच गाडी चालवणार आहे.

"येते," मी म्हणालो. "पण अर्ज धड असला तर."

गावात निवृत्त हवालदार नाथाजी आहेत. मी सांगितलं म्हणून ते डेपोत जाऊन आले. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी सांगितलं, गावातल्या तीनशे सज्ञान माणसांच्या सह्या आणा, मग मी बघते. सही ज्याची त्याने करायची, आणि सही करणारा गावात राहणारा पाहिजे. त्या मनाला येईल त्या नावावर बोट ठेवून चौकशी करणार होत्या. एक जरी खोटं निघालं तर कागद परत. हे ऐकून मला बरं वाटलं. बाई माझ्याच पठडीतली होती.

मी अर्ज लिहिला. खाली ठळक अक्षरांत सूचना घातली: प्रत्येकाने स्वतःच्या हाताने, पूर्ण नाव लिहून सही करावी. चार दिवसांनी नाथाजी तीनशे अठरा सह्या घेऊन आले आणि छाती काढून बसले. मी चष्मा लावला, मतदार यादी शेजारी घेतली. दुसऱ्याच पानावर अडकलो.

"हा सिद्धू कुठं आहे सध्या?"

"आसामात."

"मग ही सही?"

"त्याच्या बायकूनं केली."

"आणि हा धैर्यशील?"

"त्यो लडाखला. आईनं केली त्येची."

माझा पारा चढला. असली नावं मोजली तर चौऱ्याऐंशी निघाली. सीमेवर असलेली चौऱ्याऐंशी माणसं खडकमाळला बसून सह्या करत होती.

"नाथाजी, पलटणीत गैरहजर माणसाला हजर लावत होतात का तुम्ही?"

"तिथं न्हाई. पर हितं गाव हाय, आप्पा. पोरं रजंवर येत्यात तवा फाट्यावर उतरून ट्रंक डोस्क्यावर घिऊन सात किलोमीटर चालत्यात. गाडी खरी त्यांचीच न्हवं का? त्यास्नी वगळायचं कसं?"

त्यांचा मुद्दा बरोबर होता, त्यामुळे मी आणखी चिडलो. कागद उचलले आणि तडक सिद्धूच्या घरी गेलो. त्याची बायको अंगणात शेंगा फोडत होती. झाल्या प्रकाराबद्दल तिला चार शब्द सुनावले. तिने ऐकून घेतले. मग मी सहज विचारलं, "आणि तुमची सही कुठं आहे?"

"माझी? माझी कशाला? घरातनं एक झाली की."

मी पान उलटलं, यादी पाहिली, पुन्हा पान उलटलं. चौऱ्याऐंशी घरांत पेन बाईच्या हातात होतं. एकीनेही स्वतःचं नाव लिहिलं नव्हतं. घर ती चालवते, शेत ती बघते, म्हाताऱ्यांना दवाखान्यात ती नेते, पण घराच्या वतीने काही लिहायचं म्हटलं की हात आपोआप पुरुषाचं नाव लिहितो, मग तो पुरुष आसामात का असेना. यात त्यांना काही चूक वाटत नव्हती. आणि मी एकतीस वर्षं असेच कागद घेतले होते, तेव्हा मलाही वाटली नव्हती.

दोन दिवस मी आणि नाथाजी दारोदार फिरलो. पुरुषाच्या नावावर रेघ, शेजारी बाईचं नाव आणि सही. एकीने नवऱ्याला फोन लावून विचारलं. तो तिकडून म्हणाला, "कर की, मला काय इचारतीस?" एकीला भीती, की आपल्या सहीने गाडी अडली तर गाव नाव ठेवील. एकीने सही केली, ती कशी दिसते ते लांब धरून बघितली, आणि वर सासूला दाखवली. त्या दोन दिवसांत मला इतका चहा पाजला की रात्री झोप येईना. राग कधी गेला ते कळलंही नाही.

एक घर मात्र मी टाळत होतो. अकराव्या पानावर, बाकीच्या गिचमिड सह्यांमध्ये, एक नाव रंगाने रंगवल्यासारखं सरळ, जाड लिहिलेलं होतं: नायक जोतिबा आकाराम जाधव. त्याखाली मिलिटरीचा नंबर.

शेवटी गेलो. मनुबाई घरात एकटी नव्हती, राजेश्वरी चुलीपाशी होती. माझ्या हातातले कागद बघूनच म्हातारीने ओळखलं.

"चुकलं का माझं, आप्पा?"

"वहिनी, ज्याची त्यानं सही करायची होती."

"व्हय, पर साळंत कवा बी कागद दिला की म्हनायचे, बापाची सही आना. ही तर लेकीच्या कॉलेजची गाडी. म्हनून केली." मग ती हळूच म्हणाली, "मला याड न्हाई लागलं. त्यो न्हाई ते म्हाईत हाय मला. पर घरचा हाय का न्हाई त्यो? थांबा, दावते."

कोपऱ्यात काळी ट्रंक होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात तेच नाव आणि तोच नंबर रंगवलेला होता, अक्षर न अक्षर तसंच. ट्रंकेतून तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतलं रेशनकार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं. कुटुंबातल्या माणसांच्या यादीत तिसरं नाव जोतिबाचं. त्यावर लाल रेघ. रेघेच्या शेजारी मयत असा शेरा, तारीख आणि माझी छोटी सही.

"रेघ मारली तरी वाचता येतंय," मनुबाई म्हणाली.

तेव्हा मी आमच्याच तालुक्याच्या कचेरीत होतो, पण राहायचो साताऱ्यात; जोतिबाच्या मातीलाही आलो नव्हतो. ही बाई कधीतरी माझ्या टेबलापुढे उभी राहिली होती आणि मला ते आठवतसुद्धा नव्हतं. विषय बदलायला विचारलं, "लिहायला कुठं शिकलात?"

"कुठं न्हाई. त्यो भरती झाला तवा पाकिटावर त्येचं नाव आपल्या हातानं घालावं वाटायचं. ह्या ट्रंकेवर बघून बघून गिरवलं. तेवढंच येतंय. दुसरं काय बी येत न्हाई."

"मग तुमचं नाव?"

"माझा अंगठा असतोय."

राजेश्वरीने कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत मनुबाई असं लिहून आजीपुढे ठेवलं. म्हातारीने ते बराच वेळ न्याहाळलं.

"ह्यात त्येचं काय बी न्हाई ग," ती म्हणाली. "त्येच्या म्होरं आई लिवायचं असंल तर कसं लिवायचं?"

पोरीने दाखवलं. मनुबाईने ते चार-पाच वेळा गिरवलं. मग अर्जावर वाकून, एकेक अक्षर दाबत, तिने लिहिलं: जोतिबाची आई. पहिली तीन अक्षरं रंगवल्यासारखी सरळ, पुढची वाकडीतिकडी. पूर्ण नाव पाहिजे, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. राजेश्वरी माझ्याकडे बघत होती. मी ते गिळलं.

वरच्या नावावर रेघ मारायची राहिली होती. मी पेन टेकवलं, पण ते पुढे जाईना.

"द्या हिकडं," मनुबाई म्हणाली. "मागल्या बारीला दुसऱ्यानं मारली. आता माझी मी मारते." तिने रेघ मारली, इतकी हलकी की एकही अक्षर दबलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी, नाथाजी, मनुबाई आणि राजेश्वरी दहाला सुटणाऱ्या वडापच्या, म्हणजे खाजगी, जीपने डेपोत गेलो. व्यवस्थापक बाईंनी कागद सावकाश चाळले. रेघा बघितल्या, शेजारची बायकांची नावं बघितली, दोन ठिकाणी फोन लावून खात्री केली. अकराव्या पानावर थांबल्या.

"हे काय? असं चालत नाही. पूर्ण नाव पाहिजे."

माझाच आवाज ऐकल्यासारखं झालं. मी काही सांगायच्या आत मनुबाई पुढे झाली.

"बाईसाब, ती मीच. फोन करायची बी गरज न्हाई. गावात पोराटोराला इचारा, ह्या नावानं मला कोन बी दाखवंल."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग वरचं रेघ मारलेलं नाव वाचलं, नंबर वाचला. आणि कागद माझ्याकडे फिरवला. "तुम्ही ओळखता ना यांना? मग बाजूला तसं लिहा आणि सही करा."

मी लिहिलं, 'सदर बाईंना मी ओळखतो.' खाली तारीख टाकली आणि छोटी सही केली.

बाईंनी शिक्का मारला. पंधरा तारखेपासून गाडी महिनाभर सोडून बघू, म्हणाल्या, माणसं बसली तर कायम करू. राजेश्वरीने आधी बाईंना, मग मला, मग नाथाजींना वाकून नमस्कार केला आणि प्रवेशाचा फॉर्म भरायला नाथाजींना जवळजवळ ओढतच कॉलेजकडे नेलं. मी आणि मनुबाई स्टँडच्या बाकावर त्यांची वाट बघत बसलो.

आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही, असं वाटलं.

"वहिनी, कार्डावरची ती रेघ मी मारली होती."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिशी. आपल्या गावचा मानूस, वळखनार न्हाई व्हय? तुमी मान वर केली न्हाई. मला वाटलं, तुमाला बी जड जातंय. वर बघितलं असतं तर तुमच्यानं रेघ मारवली नसती."

सहा वर्षं ही बाई माझ्याबद्दल असं समजून चालली होती. ते तसंच राहू दिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मला ते पेलवेना.

"नाही, वहिनी. तेव्हा रोज पुढ्यात कार्डांचा ढीग असायचा. शिपाई पेन्सिलीनं खूण करून द्यायचा, मी खुणेवर रेघ ओढायचो. मी नाव वाचलंच नव्हतं."

समोरून एक गाडी सुटली, दुसरी लागली, तिच्यातली माणसं उतरून पांगली. मी खाली बघत बसलो होतो. आता ही उठून पलीकडच्या बाकावर जाईल असं मला वाटलं, आणि गेली असती तर तिचं बरोबर होतं.

"आता वाचलंय न्हवं?" मनुबाई म्हणाली.

"वाचलंय."

"मग बसा हितं पोरगी ईस्तोवर. कसा हुता ते सांगते तुमाला."

आणि तिने जोतिबाच्या जन्मापासून सुरुवात केली.