रविवारचं पाणी

"काका, रविवारी शाळेला सुट्टी. मग रविवारी पाणी कोण पितं?"

वायसरकाका उकिडवे बसून मीटरची काच फडक्याने पुसत होते. प्रश्न विचारणारी सातवीतली मुलगी होती. शाळेच्या पर्यावरण मंडळाने पाणी मोजायचं काम तिच्याकडे दिल्यापासून तिने जीव नकोसा केला होता. शनिवारी संध्याकाळचा आकडा आणि सोमवारी सकाळचा आकडा तिने वहीत एकाखाली एक लिहिले होते, आणि ते एकसारखे नव्हते.

"मीटर बिघडलं असेल," काका म्हणाले.

"मागच्याच महिन्यात नवीन बसवलंय. तुम्हीच बसवलंत."

जुनं मीटर कित्येक वर्षं गंजून एकाच आकड्यावर बसलं होतं आणि त्याचा कोणालाच त्रास नव्हता. नव्या मीटरला मात्र खोटं बोलायची सवय लागायची होती.

तीस वर्षं या शाळेचे नळ काकांच्या ताब्यात होते. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी नळात घालायचे वायसर, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव, आणि त्या नावाचा त्यांना अभिमानच होता. "माझ्या हातचा नळ टिपकत नाही," हे वाक्य ते नव्या शिक्षकांना पहिल्याच दिवशी ऐकवत.

त्यांनी टाकीकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद केला. मग प्रयोगशाळेचा, मग मुलींच्या स्वच्छतागृहाचा. तरी मीटरमधलं लाल चाक हळूहळू फिरतच होतं.

"कोणीतरी पितंय," मुलगी म्हणाली.

"तू वर्गात जा. मी बघतो."

काकांनी लांब स्क्रूड्रायव्हर काढला. त्याचं टोक पाइपावर आणि मूठ कानाला लावली की जमिनीखालचं पाणी बोलतं, ही त्यांची जुनी विद्या. भिंतीच्या कडेने ते ऐकत ऐकत निघाले आणि मैदानाच्या कोपऱ्यात येऊन थांबले. इथे आवाज स्पष्ट होता, दूध उतू जायच्या आधी भांड्यात होतो तसा.

समोर मंडळाचा गवताचा वाफा होता. भर उन्हाळ्यात सगळं मैदान करपलेलं असताना एवढा तुकडा हिरवागार. मुलं वर्षभर पालापाचोळ्याचं खत करून इथे घालत होती, आणि त्यांनी रंगवलेली पाटी उभी होती: 'पाणी न घालता हिरवे! आमच्या खताची कमाल.' उद्या हे बघायला वर्तमानपत्राचा वार्ताहर यायचा होता.

या पाइपाचा सांधा काकांनीच जोडला होता. काम अर्ध्यावर असताना जावयाचा फोन आला होता, नात झाली म्हणून. पाइपाच्या आट्यांवर गळती रोखणारी टेप गुंडाळायची राहिली. हाताने फिरवला, वर माती ओढली, उद्या येऊन पान्याने आवळू म्हणाले आणि दवाखान्यात पळाले. ते उद्या कधी उजाडलंच नाही. नात आता तीन वर्षांची होती.

फाटकावरच्या रखवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "परवा खण की. झाकली मूठ सव्वा लाखाची. तीन वर्षं गळलं, अजून दोन दिवसांनी काय समुद्र आटणार आहे?"

खरं सांगायचं तर काकांच्या मनातही तेच आलं होतं. दोन महिन्यांनी निवृत्ती होती. निरोपाच्या भाषणात मोठ्या बाई तेच न टिपकणाऱ्या नळाचं वाक्य म्हणणार, हे त्यांना ठाऊक होतं. पण कानातून तो आवाज जाईना. ते तसेच ऑफिसात गेले.

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. "उद्या पाहुणे यायचे आणि तुम्ही आज खड्डा खणणार?"

"आजच खणतो, बाई. चूक माझीच आहे. तुम्ही कोणालाही तसंच सांगा."

"आणि मुलांना काय सांगू?"

"त्यांना मी सांगतो."

हेच सगळ्यात अवघड होतं. मधल्या सुट्टीत ती मुलगी वाफ्यापाशी आली तेव्हा गवताचा अर्धा थर बाजूला निघाला होता आणि काका चिखलात गुडघाभर उभे होते. त्यांनी सांगितलं, टेपेसकट, नातीसकट.

तिने पाटीकडे बघितलं. "म्हणजे आमचं खत खोटं?"

"खत खरं आहे. गवत पोसलं तुमच्या खतानंच. नुसत्या पाण्यावर एवढा रंग येत नाही. पण पाणी न घालता म्हणालात ना, ते खोटं. ते पाणी मी घालत होतो."

तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. मीटरवरचा आकडा वहीत लिहायला निघून गेली. काकांना त्या वेळी ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

खणता खणता पाइप दुसऱ्या जागीही कुजलेला निघाला, म्हणून मंगळवारी वार्ताहर आला तेव्हाही खड्डा उघडाच होता. त्याने विचारलं, "हे कोणाचं काम?"

"गळकं होतं तेही माझं, आणि आता करतोय तेही माझं," काका म्हणाले. "शोधलं मात्र हिनं." त्यांनी बोट दाखवलं, आणि ती मुलगी वही उघडून पुढे आली. तिने वार्ताहराला रविवारचा आकडा समजावून सांगितला, दोनदा, कारण पहिल्यांदा त्याला कळला नाही.

बातमी छोटीच आली. फोटोत मुलगी, वही आणि खड्ड्यातून दिसणारं काकांचं टक्कल.

महिन्याभरात वाफा बाकीच्या मैदानासारखा पिवळा पडला. मोठ्या बाई म्हणाल्या, आता ती पाटी काढा. मुलीने ती काढली, उलटी केली आणि मागच्या बाजूने रंगवून पुन्हा तिथेच रोवली: 'शनिवार आणि सोमवार, आकडा एकच.'

निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली. नळाचं ते वाक्य बाईंनी म्हटलं नाही. काकांनीच म्हणू नका म्हणून सांगितलं होतं. हार टेबलावर ठेवून ते मैदानाच्या कोपऱ्यात गेले, वाळक्या गवतात गुडघे टेकून बसले, स्क्रूड्रायव्हर जमिनीत रोवला आणि मुठीला कान लावला. खाली काहीच ऐकू येत नव्हतं. ते कितीतरी वेळ तसेच ऐकत राहिले.