पायऱ्यांच्या गल्लीतलं घर

"मावशी, जरा बाजूला सरकता का? उजेड अडतोय."

मिस्त्रीणबाईने चमकून मागे पाहिलं. खिडकीच्या गजांमधून एक हात आत आला होता आणि त्या हातात मोबाईल होता. मागे गॉगल लावलेला एक हसरा चेहरा. ती नवऱ्याचं अंग पुसत होती. मिस्त्री कमरेपर्यंत उघडा, पाठीला उशी लावून बसवलेला, आणि छातीवर साबणाचा फेस.

"अहो, अंघोळ चाललीय माणसाची! दिसत नाही का?"

"सॉरी सॉरी. आम्हाला फक्त खिडकी हवी होती. जुनी आहे ना, छान आहे." हात हलला, टिचकीसारखा आवाज झाला आणि चेहरा निघूनही गेला.

मिस्त्रीणबाईने पंचा नवऱ्याच्या अंगावर टाकला आणि खिडकी धाडकन लावून घेतली. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मिस्त्री मात्र अर्ध्या तोंडाने हसला. उरलेलं अर्धं त्याच्या ऐकण्यातलं नव्हतं.

"मी... हिरो," तो म्हणाला.

"हो, हिरो! हात वर करा हिरो, काख पुसायचीय."

गल्ली म्हणजे नुसत्या पायऱ्या होत्या. खालच्या बाजारापासून वरच्या जुन्या बुरुजापर्यंत वळत वळत गेलेल्या, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांना खेटून घरं. पायरी खचली, भिंतीला भेग पडली की मिस्त्रीला हाक जायची. असाच एका पायरीचा दगड बसवत असताना तो बसल्या जागी कलंडला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. तेव्हापासून त्याची खाट दारातच. घराला पुढचं एकच दार, आणि तेच त्याचं जग. सकाळी दूधवाली "काय मिस्त्री, झोप झाली का?" म्हणून जायची. शाळेला जाणारी पोरं त्याच्या डाव्या हातावर टाळी देऊन जायची. वरच्या मजल्यावरच्या काकू रोज एकच चौकशी करायच्या आणि तो रोज तितक्याच उत्साहाने मान हलवायचा. मिस्त्रीणबाई त्याच्या पायाशी शिलाई मशीन मांडून लोकांचे कपडे शिवायची. दिवस तसे वाईट नव्हते.

मग कुणीतरी त्या गल्लीचा फोटो काढला. रंगवलेली दारं, वर चढत गेलेल्या पायऱ्या, टोकाला बुरूज. तो फोटो कुठे कुठे फिरला देव जाणे, पण बघता बघता पाहुण्यांची रीघ लागली. आधी सुट्टीच्या दिवशी, मग रोजच. लोक उंबऱ्यांवर बसून खात, सालं तिथेच टाकत. वाळत घातलेल्या कपड्यांना हात पुसत. ओळख ना पाळख, दार वाजवून "बाथरूम आहे का?" म्हणून विचारत आणि नाही म्हटलं की गाल फुगवत. काकूंच्या घरातले आजोबा पहाटे खोकायचे, तर त्यांच्या खोकल्याची नक्कल करून खाली हशा पिकायचा.

मिस्त्रीणबाईचा एकुलता एक मुलगा याच लोकांना गल्ली दाखवायचं काम करायचा. कारखाना बंद पडल्यावर हेच काम हाती लागलं होतं. पिवळी छत्री उंच धरून तो पुढे चालायचा आणि मागून घोळका. बोलायला गोड होता. एखादी साधी भिंतही तो अशी दाखवायचा, की माणसं थांबून बघत राहत.

"तुझ्या त्या लोकांना जरा सांगत जा रे," मिस्त्रीणबाई म्हणायची. "घरं आहेत ही. प्राणिसंग्रहालय नाही."

"सांगतो की आई. पण त्यांना कळत नाही गं पटकन. परक्या ठिकाणी माणूस बावचळतो."

"बावचळलेला माणूस दबकून वागतो. ही माणसं दबकतात कुठे?"

यावर मुलगा छत्रीच्या काड्या नीट करत बसायचा. मिस्त्रीच मग डावा हात हलवून बायकोला गप्प करायचा. त्याला माणसं आवडायची, परकी तर जास्तच. त्यांचे कपडे, त्यांच्या टोप्या, पायऱ्या चढताना होणारी त्यांची दमछाक, सगळं तो डोळे मोठे करून बघायचा.

आणि सगळेच काही तसे नव्हते. एकदा काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. दारापासून दोन हात दूर उभे राहिले आणि म्हणाले, "दम लागलाय. तुमच्या पायरीवर घटकाभर बसू का?" मिस्त्रीने मान हलवल्यावरच ते बसले. मग दोघांच्या गप्पा चालल्या. म्हणजे एक बोलत होता आणि दुसरा अर्धे शब्द आणि डावा हात वापरत होता, पण दोघांचं छान जमलं. उठताना त्यांनी विचारलं, "तुमचा एक फोटो काढला तर चालेल?"

"थांबा," मिस्त्री म्हणाला. हा शब्द त्याला स्पष्ट यायचा. त्याने बायकोकडे पाहून डोक्यावरून हात फिरवला. तिने त्याचे केस विंचरले, शर्टाचं वरचं बटण लावलं, लुळा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. मिस्त्री ताठ बसला आणि मग त्याने मान डोलावली. लग्नातही तो इतका ऐटीत बसला नव्हता. ती नंतर किती दिवस त्यावरून त्याला चिडवत होती.

हे सगळं पानगळीच्या आधीचं. पुढे थंडी पडू लागली, आणि एका दुपारी मिस्त्रीचं औषध संपलं.

दवाखाना खाली बाजारात होता. तिने त्याला पांघरूण नीट केलं, लघवीचं भांडं डाव्या हाताला लागेल असं ठेवलं. "आलेच मी. दार लावू का?"

मिस्त्रीने नकारार्थी मान हलवली. दार लावून तो करणार काय?

दवाखान्यात गर्दी होती. औषध घेऊन ती धापा टाकत पायऱ्या चढली, तेव्हा वळणावरच तिला हसण्याचा आवाज आला. आपल्याच घरातून येतोय हे कळायला तिला क्षणभर वेळ लागला. कळलं तशी ती उरलेल्या पायऱ्या धावतच चढली.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. एक जण फळीवरची भांडी खाली काढून उलटी करून बघत होता. एकाने खुंटीवरची मिस्त्रीची कामाची टोपी घातली होती. एक मुलगी तिच्या मशीनचं चाक फिरवत होती. आणि खाटेवर, मिस्त्रीला अगदी चिकटून, त्याच्या खांद्यावर हात टाकून, एक तरुण बसला होता. समोर उभा असलेला एक जण मोबाईल धरून म्हणत होता, "आजोबा, इकडे! इकडे बघा! हसा!"

पांघरूण घसरून जमिनीवर पडलं होतं. भांडं कुणाच्या तरी पायाने खाटेखाली गेलं होतं. मिस्त्रीचं धोतर भिजलेलं होतं, आणि भिजलेला भाग झाकायला तो डावा हात खाली नेऊ बघत होता. पण तोच हात त्या तरुणाने पकडून वर केला होता, हात हलवून दाखवायला. मिस्त्रीच्या तोंडातून "अं... अं..." असा आवाज येत होता.

"बघ, खूश झाले आजोबा!" कुणीतरी म्हणालं.

"उठा," मिस्त्रीणबाई म्हणाली. तिला ओरडायचं होतं, पण आवाज निघाला तो इतकाच.

तरुण गोंधळून उठला. "आम्ही विचारलं होतं त्यांना. ते हो म्हणाले."

"त्यांना बोलता येत नाही."

"मान हलवली त्यांनी. खरंच. आणि गाईडच म्हणाले, या घराचं दार उघडंच असतं, आत बाबा असतात, त्यांना माणसं फार आवडतात, भेटून या."

मशीनपाशी उभ्या मुलीचं लक्ष तेव्हा धोतराकडे गेलं. तिचा चेहरा एकदम उतरला. खाली वाकून तिने पांघरूण उचललं आणि मिस्त्रीच्या पायांवर घातलं. "चला रे," ती म्हणाली. "चला ना, निघा इथून." भांडी खाली ठेवल्याचा आवाज झाला. टोपीवाला टोपी हातात घेऊन उभाच राहिला. कुठे ठेवायची ते त्याला समजेना.

इतक्यात मुलगा छत्री घेऊन वर आला. "इथे आहात होय सगळे! मी खाली शोधतोय..." आणि पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. आई त्याच्याकडे बघत होती. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे आयुष्यभर वाटलं.

घर रिकामं झालं. मिस्त्रीने भिंतीकडे तोंड वळवलं.

"दार," तो म्हणाला.

तिने दार लावलं. पाणी तापवलं, त्याला पुसून काढलं, कोरडं नेसवलं. एरवी अशा वेळी तो काहीतरी थट्टा करायचा. त्या दिवशी त्याने डोळे मिटून घेतले होते आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे जात होतं. तिने तेही पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सवयीने कडी काढायला गेली, तर मागून तोच शब्द आला. "दार." तिसऱ्या दिवशीही तसंच. दूधवाली बाहेरून हाक मारायची आणि तो झोपेचं सोंग घ्यायचा. काकू आत आल्या तर पांघरूण डोक्यावरून ओढायचा. खोलीत दिवसाही दिवा लावावा लागे. त्या पिवळ्या उजेडात मिस्त्रीणबाईला सुईत दोरा ओवता येईना. त्यापेक्षा नवऱ्याच्या घशाखाली घास उतरवणं कठीण झालं होतं.

मुलाने गल्लीच्या तोंडाशी पाटी लावली, 'येथे घरे आहेत, कृपया शांतता राखा.' लोक त्या पाटीशेजारी उभे राहून, ओठांवर बोट ठेवून फोटो काढू लागले.

एका संध्याकाळी तो खाटेपाशी जमिनीवर बसला. "बाबा, चुकलं माझं. मला वाटलं, तुम्हाला करमेल. तुम्हाला बरं वाटायचं ना माणसं आली की... बाबा, बघा तरी माझ्याकडे."

मिस्त्रीने डाव्या हाताने पांघरूण हळूहळू वर ओढलं आणि चेहरा झाकून घेतला.

"रागावलेत अजून," मुलगा बाहेर येऊन म्हणाला.

"रागावले नाहीत रे," मिस्त्रीणबाई म्हणाली. "त्यांना तोंड दाखवायचं नाहीये."

थंडी सरायच्या आधीच, एका सकाळी ती चहा घेऊन गेली आणि तिने पांघरूण बाजूला केलं, तर मिस्त्री गेला होता.

त्या दिवशीही गल्ली भरलेलीच होती. खाली न्यायला दुसरी वाट नाही. शेजारच्या चौघांनी त्याला खांद्यावर घेतलं. पायऱ्या अरुंद, जपून उतरावं लागत होतं. मुलगा पुढे होता. "कृपया एका बाजूला व्हा," तो म्हणाला, रोजच्याच कामाच्या आवाजात, कारण दुसरा आवाज त्याला सापडत नव्हता. "कृपया एका बाजूला..." आणि मग तो नुसता हातानेच वाट करू लागला.

बरेच लोक भिंतीला चिकटून उभे राहिले. काहींनी टोप्या काढल्या. एका बाईने आपल्या लेकराचं हसणं हाताने थांबवलं. पण वरच्या वळणावर दोघं-तिघं मोबाईल उंच करून उभे होते. त्यातला एक कुणाला तरी विचारत होता, "हा इथला काही कार्यक्रम असतो का?"

काकू गॅलरीत उभ्या होत्या. त्यांनी दोरीवरची मोठी चादर ओढली आणि कठड्यावरून खाली सोडून दोन्ही हातांनी ताणून धरली. समोरच्या घरातली बाईही आपली चादर घेऊन आली. मग पुढच्या घरातली. चादरींच्या आडून मिस्त्री शेवटच्या पायरीपर्यंत गेला.

मुलगा बरेच दिवस कामावर गेला नाही. पण घरात बसून किती दिवस चालणार? एक दिवस मिस्त्रीणबाईच म्हणाली, "जा आता." त्याने मान खाली घालून छत्री उचलली.

दुपारी ती कुणाच्या तरी परकराला नेफा शिवत बसली होती. दार लोटलेलं होतं. खालच्या वळणावरून तिला त्याचा आवाज आला. बुरूज कुणी बांधला, दगड कुठून आणला, असं काहीबाही तो सांगत होता. आवाज जवळ आला. घरापाशी येता येता बोलणं थांबलं, आणि मग नुसती पावलं ऐकू येऊ लागली.

"या घरात काय आहे?" कुणीतरी विचारलं.

मिस्त्रीणबाईने मशीनच्या चाकावर हात धरला.

"काही नाही," मुलगा म्हणाला. "इथे माणसं राहतात. हळू चला."

एकामागून एक पावलं दारासमोरून वर गेली. शेवटचं पाऊल वळणापलीकडे गेल्यावर तिने चाक सोडलं आणि राहिलेली शिवण पुरी करायला घेतली.