मर्लच्या बंदुकीवरचा आळ

हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडायच्या आदल्या दुपारी, गेलनच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये, मर्लच्या बंदुकीवर खटला चालला. आरोपी ग्रीसच्या डब्याशेजारी फळीवर आडवी पडली होती. भोवती शिकारीच्या नारिंगी जाकिटातले शेजारीपाजारी उभे होते, आणि आजाऱ्याला बघायला आल्यासारखे हळू आवाजात बोलत होते.

"मर्लकाका, नळी आतून झिजली असंल," गेलन म्हणाला. हाक्याचा म्होरक्या तोच. ओढ्याकाठचं रान त्याचं, शेड त्याची, आणि कोण कुठं उभं राहणार हे ठरवायचा मानही त्याचाच. "तुमचा काय दोष न्हाई त्यात. हत्यार म्हटलं की कधीतरी थकणारच."

बंदूक पंपाची होती. नळीखालचा लाकडी दांडा मागं ओढला की रिकामं काडतूस बाहेर, पुढं ढकलला की नवं आत. त्यापलीकडं तिच्यात समजून घेण्यासारखं काही नव्हतं. लग्नाच्या वर्षी मर्ल गमबूट घ्यायला लोखंडी सामानाच्या दुकानात गेला होता. बुटांची किंमत ऐकून त्याला राग आला, आणि खिळे नि उंदरांचे सापळे यांच्यामध्ये टांगलेली ही बंदूक घेऊन तो घरी आला. तेव्हापासून तिनं पडेल ते काम केलं. दस्त्याला चीर गेली तिथं वायरमनची काळी पट्टी गुंडाळलेली. थंडीत गुरांच्या हौदावरचा बर्फ फोडायला दुसरं काही हाताशी नसलं, तर तिला रिकामी करून तिचाच दस्ता वापरायचा. एकदा ती डुकरांच्या लेंडीखड्ड्यात पडली. मर्लनं ती पाइपाखाली धुतली, उन्हात वाळवली आणि दुसऱ्या दिवशी तिनंच कोंबड्या चोरणारा कोयोटे मारला. तिची तक्रार म्हणून कधी ऐकू आली नाही.

पण गेली तीन वर्षं मर्लचा नेम चुकत होता. पुरावा डोक्यावरच होता. शेडच्या तुळईला शर्टाचे शेव खिळ्यांनी ठोकलेले. ज्याचं हरीण चुकलं त्याच्या शर्टाचा मागचा शेव कापायचा, त्यावर नाव-साल लिहायचं आणि वर ठोकायचा, हा गेलनच्या आज्यापासूनचा रिवाज. कापायचा मान हाक्यानंतरच्या जेवणाची चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, रांधणाऱ्याचा. तुळईवरचे शेवटचे तीन शेव एकाच निळ्या चौकडीचे होते, कारण मर्लची बायको आर्डिस त्याचे शर्ट एकाच दुकानातून, एकाच रंगाचे आणायची. गेल्या वर्षीची गोळी तर गेलनच्या पाण्याच्या हौदातून आरपार गेली होती. हरीण गळणारं पाणी बघत जरा वेळ थांबलं आणि मग सावकाश निघून गेलं.

"दाजी, मी काय म्हंतो," डॉयल पुढं आला. हा आर्डिसचा धाकटा भाऊ, बियाण्याचा एजंट. त्याच्या हातात यंदाची नवी इटालियन बंदूक होती. चाप दाबत राहायचा, बाकीचं ती स्वतः करते, अशी. तिची किंमत त्यानं बायकोला निम्मी सांगितली होती, आणि तेवढ्यावरही ती चार दिवस बोलली नव्हती. "हिला मानानं भिंतीवर टांगा. आन् उद्या ओढ्याच्या उतारावर मी उभा ऱ्हातो. तसं चिलीकडं बघायलाबी कुणीतरी जाणतं माणूस पायजेलच की."

आता मुद्दा बाहेर आला. ओढ्याचा उतार म्हणजे रानातली सगळ्यात मोक्याची जागा. हाका सुरू झाला की रानातलं प्रत्येक हरीण शेवटी तिथूनच ओढा ओलांडतं. तिथं मर्लचा बाप उभा राहायचा आणि बापामागं मर्ल. तिथून उठून पातेल्याकडं जाणं म्हणजे काय, हे शेडमधल्या सगळ्यांना कळत होतं, म्हणून सगळे बुटाकडं बघत होते.

"बघतो," मर्ल म्हणाला. बंदूक उचलून तो निघाला, आणि दार समजून आधी खिडकीकडं गेला.

गेलननं नुसतं दार उघडून धरलं. आपल्याकडं माणसाला तोंडावर उणं बोलायची रीत नाही. उणं बोलायचं ते त्याच्या वस्तूला. गेलनच्या बापाला गाडी झेपेना, तेव्हा सगळ्यांनी मिळून गाडीच्या ब्रेकला नावं ठेवली. चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या बाई ठार बहिऱ्या झाल्या, तेव्हा मंडळींनी ठराव केला की पेटी बेसूर झालीय. वर्गणी काढून नवी आणली. बाईंनी तीही तशीच वाजवली, पुढं कितीतरी वर्षं, आणि लोक म्हणत राहिले की नव्या पेट्यांना पहिल्यासारखा आवाज नाही.

घरी येऊन मर्लनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि बंदूक खोलून पुसायला घेतली. आर्डिस दालचिनीच्या गोड पावांची कणीक मळत होती. चिलीसोबत ते पाव नसले तर इथं माणसं जेवायला बसत नाहीत.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"नळी झिजलीय म्हणाले."

"आन् झिजलीय का?"

मर्लनं नळी दिव्यासमोर धरली. उजेड दिसला. उजेड त्याला सगळीकडंच दिसायचा, हल्ली जरा जास्तच, दुधात भिजवल्यासारखा. "ये बाहेर," तो म्हणाला. "बघू एकदाचं."

परसात बर्फ गुडघाभर नव्हता, पण जमीन लोखंडासारखी वाजत होती. ओढ्याच्या मातीच्या दरडीपुढं कुंपणाच्या खांबावर आर्डिसनं गळकी बादली पालथी घातली. मर्लनं बंदूक तिच्या हातात दिली. आर्डिस शेतकऱ्याची लेक, तिला शिकवावं लागत नव्हतं. तिनं दांडा मागंपुढं केला, नेम धरला आणि चाप ओढला. आवाज दरडीवर आपटून परत आला.

"कुठं लागली?" मर्लनं विचारलं.

"मधोमध."

"मग नळी ठीक हाय."

"नळी ठीकच हाय." आर्डिसनं बंदूक खाली केली. तिला हे कधीपासून ठाऊक होतं, फक्त म्हणायची वेळ आली नव्हती. "मर्ल, तुला बादली दिसती का?"

मर्लनं खांबाकडं बघितलं. निदान खांब ज्या बाजूला असायचा तिकडं.

"आता न्हाई," तो म्हणाला. "पडली असंल."

"पडली न्हाई."

वारं शेतातल्या मक्याच्या खुंटांतून शिटी घालत होतं.

रात्री जेवताना मर्ल मनाशी हिशेब मांडत बसला. हिशेब तसा सोपा होता. गप्प बसलं तर बंदूक बदनाम होईल आणि मर्लची अब्रू राहील. कुणाचीतरी जुनी बंदूक मागून घेता येईल, एखादं वर्ष उतारावर निघेल, आणखी एक शेव तुळईवर चढेल, मग लोक त्या बंदुकीलाही नावं ठेवतील. पुढल्या खेपेला गोळी हौदात जाईल की हौदामागच्या माणसात, हे त्याला सांगता आलं नसतं. आणि हिनं काय केलं होतं? चाळीस हिवाळे थंडीवाऱ्यात एकदाही अडली नाही. तिच्या माथी हा आळ मारून तिला भिंतीवर टांगायची. मर्लनं बायबलावर हात ठेवून दोनचारदा खोटं बोललेलं होतं, जकात-पट्टीच्या बाबतीत, पण हे त्याच्यानं होईना.

पहाटे शेडमध्ये सगळे जमले. तोंडातून वाफा निघत होत्या. मर्लनं बंदूक फळीवर ठेवली.

"हिला काय झालेलं न्हाई," तो म्हणाला. "माझे डोळे गेलेत."

सगळे असे दचकले की जणू मर्लनं सगळ्यांदेखत पाटलोण उतरवली होती. कुणीतरी कॉफीच्या थर्मासाचं झाकण घट्ट लावलं. ते आधीच घट्ट होतं.

"चष्म्याचा नंबर बदलला असंल, मर्लकाका," गेलन शेवटी म्हणाला. "हल्ली काचा चांगल्या येत न्हाईत."

"मी चष्मा घालत न्हाई."

गेलननं टोपी काढून पुन्हा घातली.

"चिलीचं पातेलं मी बघतो," मर्ल म्हणाला. "पण उतारावर बंदूक हीच उभी ऱ्हाणार. आर्डिस धरंल. तिचा परवाना हाय."

परवाना दरवर्षीच निघायचा, घरात एक हरीण जास्त यावं म्हणून. आजवर तो नुसता फ्रिजवर चिकटवलेला असायचा. डॉयल म्हणाला की ताईला थंडी बाधेल. ताई म्हणाली, तुझ्या लहानपणी शाळेच्या वाटेवर तुला पाठीवर घेऊन बर्फातनं मीच जात होते, तेव्हा बाधली न्हाई. मग गेलननं तोड काढली. उताराच्या अलीकडं डॉयल, पलीकडं आर्डिस. बाकीचे रानात शिरून हाका देणार.

ट्रक गेले. मर्लनं आर्डिसचा एप्रन बांधला आणि पातेल्यात खिमा टाकला. राजमा, टोमॅटो, तिखट सगळं वासावर चाललं, त्यात डोळ्यांचं अडत नव्हतं. शेडचं मोठं दार त्यानं उघडं ठेवलं आणि पळी ढवळत कान रानाकडं लावले.

आधी कावळे उठले. मग हाक्याची आरोळी, लांबून, ओढ्याच्या वरच्या अंगानं. ती हळूहळू खाली सरकत आली. मर्लची पळी थांबली.

धडाम. कोरडा, दिमाखदार आवाज. डॉयलची इटालियन. मर्लनं दुसऱ्या बाराची वाट बघितली. तो आला नाही. आलं ते शिवीचं टोक, वाऱ्यावर, डॉयलच्या आवाजात.

मग, एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं असं पुढं सगळे म्हणाले, पण मर्लला ऐकू आलं. धडाम, तो घोगरा, ओळखीचा. खटक-खटक. आणि पुन्हा धडाम.

त्यानंतर काहीच नाही. मर्लनं चिली चाखली, मीठ घातलं, पुन्हा चाखली. आता खारट झाली होती. त्यानं आणखी टोमॅटो घातले.

ट्रक आले तेव्हा मागच्या फळीवर हरणाचा नर पडलेला होता, आणि शेजारी पाय लोंबते सोडून आर्डिस बसली होती, मांडीवर बंदूक घेऊन, बाजारातून भाजी घेऊन आल्यासारखी.

"पहिला वर गेला," ती मर्लला म्हणाली. "दांडा ओढला आन् दुसरा घातला. ती काय थांबली न्हाई."

"थांबत न्हाईच ती," मर्ल म्हणाला. त्यानं हात पुढं करून शिंगं चाचपली, मग दस्त्यावरची काळी पट्टी.

डॉयलचं म्हणणं जेवणाआधीच सुरू झालं होतं. नर आधी त्याच्यासमोरूनच गेला होता. पहिली गोळी एका फांदीला लागली. दुसरी निघालीच नाही, कारण आत तेल गोठलं. दुकानदारानं चुकीचं तेल दिलं होतं. मंडळींनी गंभीरपणे माना हलवल्या. कुणी म्हणालं इटलीत एवढी थंडी पडत नसंल. कुणी म्हणालं आत नाजूक कमानी असतात. डॉयलला कुणी काही म्हणालं नाही. बंदुकीचाच दोष होता, हे सगळ्यांना पटलं.

मर्लनं पातेल्यावर झाकण ठेवलं, भिंतीवरची कात्री काढली आणि एप्रनला हात पुसले.

"शर्ट बंदुकीनं घातलाय का?" त्यानं विचारलं.

कुणीतरी हसू खोकल्यात घालवलं. डॉयलनं गेलनकडं बघितलं. गेलन तुळईकडं बघत होता.

"दाजी, नवा हाय. लोकरीचा. मागवलेला."

"वळ."

डॉयल वळला, जाकीट काढून वाकला. मर्लनं शर्ट हातानं चाचपला, शेव चिमटीत धरला, निदान त्याला तो शेव वाटला, आणि कात्री चालवली. जाड लोकर होती. कात्री सरळ निघाली आणि सरळच राहिली, कमरेवरून, पाठीच्या कण्यावरून, पार खांद्याच्या फऱ्यांपर्यंत. मग मर्लनं आडवा काप घेतला आणि हाताशी आलेलं वर धरलं. त्यात एका पोराचं अंगडं निघालं असतं. डॉयलची पाठ उघडी पडून थंडीनं शहारली.

शेडमध्ये सगळे बुटाकडं बघू लागले. आर्डिसनं गोड पावाचं ताट उगाच इकडचं तिकडं केलं.

"कात्रीची धार गेलेली दिसती," गेलन शेवटी म्हणाला.

"व्हय, बोथट झालीय," मागून दोघंतिघं म्हणाले. "लई जुनी हाय."

मर्लनं कात्री उजेडाकडं धरली. दुधासारखा उजेड होता, त्यात काहीतरी चमकत होतं.

"व्हय," तो म्हणाला. "पुढल्या हंगामाला नवी आणाय पायजेल. मलाच लागंल ती."