आकाशातला रेडिओ आणि डिकीतली आजी

मी एक जुना कार स्टिरिओ आहे. गाडीबरोबर कारखान्यातूनच आलो, कोणी बाजारातून आणून मागाहून बसवलेला नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. मित्रांनो, तुमच्या हल्लीच्या गाड्यांमध्ये पाटाएवढा पडदा असतो आणि तो सगळ्यांशी गप्पा मारतो. माझ्याकडे अक्षरं दाखवणारी एक अरुंद काचेची पट्टी आणि थोडी बटणं, बस. त्यातलं आवाजाचं बटण आता ओढलं तर हातात येतं. तरी मी अजून कामाला आहे. न्यूरेंबर्गच्या रस्त्यावर कुठे गाड्या खोळंबल्या आहेत, एवढं सांगण्यापुरता मी चालतो म्हणे.

माझा एक जोडीदार होता, सीडी चेंजर. मी पुढे, तो मागे डिकीच्या डाव्या कोपऱ्यात, आणि मध्ये गालिच्याखालून गेलेली एक लांब केबल. सीड्या त्याच्या पोटात असायच्या. फिरवायचा तो, वाजायचो मी. लोक म्हणायचे, काय सुरेख स्टिरिओ आहे. कष्ट त्याचे आणि कौतुक माझं, पण तो बिचारा कधी कुरकुरला नाही. असा एखादा डबा जोडायला माझ्या पाठीला सॉकेट एकच आहे आणि त्यात त्याची केबल होती. हे सॉकेट लक्षात ठेवा. सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

ही गाडी सत्यजितने जर्मनीत एर्लांगेनला नोकरी लागल्यावर जुन्यात घेतली. सत्यजित मूळचा मिरजेचा. गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या कंपनीत तो इंजिनियर आहे आणि बिजागरीत त्याचा हात धरणारा कोणी नाही, असं त्याचं स्वतःचं मत आहे. त्याची बायको ऊर्मिला. मुलगी शमिका तेव्हा किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत जायची आणि रोज सकाळी गाडीत बसताना भोकाड पसरायची. माझ्यावर जर्मन बालगीतं लावून झाली, जोकराची बडबड लावून झाली. पोरगी काही ऐकेना.

मग मिरजेहून एक सीडी आली. सत्यजितची आई, प्रभाताई, आयुष्यभर बालवाडीच्या बाई. नातीला मांडीवर घेऊन गोष्ट सांगता येत नाही याचं त्यांना फार वाटायचं. म्हणून शेजारच्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याच्या दुकानात बसून त्यांनी गोष्ट सांगितली आणि त्याने ती सीडीवर उतरवून दिली. मित्रांनो, माझ्यातून पुष्कळ मोठमोठे गवई गाऊन गेले, पण तो आवाज वेगळाच होता. जरासा घोगरा. मध्येच खोकला यायचा, मागे कोणाची तरी स्कूटर सुरू व्हायची. आणि थोड्या थोड्या वेळाने त्या विचारायच्या, "शमू, ऐकतेस ना?" आणि उत्तरासाठी जागा सोडायच्या. मागच्या सीटवरून शमिका म्हणायची, "हो, आजी." मराठीत म्हणायची. रडणं पार विसरून जायची.

गोष्ट होती शेवंती नावाच्या शेळीची. रस्ता कुठे संपतो ते बघायला ती निघते. वाटेत बैल भेटतो. तो म्हणतो, माझा तर बाई गोठ्यापाशी संपतो. पोस्टमन भेटतो. तो म्हणतो, माझा संपतच नाही, चपला तेवढ्या संपतात. मग नदी लागते. नदीवरचा नावाडी म्हणतो, "पलीकडे नेतो, पण परत आणत नाही हं." आणि नेमकं इथे किटा यायचं. शमिका उतरायची. दुसऱ्या दिवशी ती हट्टाने गोष्ट पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगायची आणि पुन्हा नावाड्यापाशी उतरायची. संध्याकाळी ऊर्मिला तिला सायकलवरून आणायची, म्हणजे तेव्हाही मी नाही.

सत्यजित तिला सोडून पुढे ऑफिसला जायचा. गोष्ट चालूच असायची. तो माझा आवाज बारीक करायचा आणि फोनवर बिजागऱ्यांबद्दल बोलत बसायचा. शेवंतीचं पुढे काय झालं ते या सगळ्या घरात फक्त मी ऐकलं.

शमिका मोठी झाली. शाळेला सायकलने जाऊ लागली. गाडीत बसली तरी कानात स्वतःची गाणी. आईवडील मराठीत विचारायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. सीडी जोडीदाराच्या पोटात तशीच होती. "अरे, आईंच्या त्या सीडीची कॉपी करून ठेवायला हवी," ऊर्मिला अधूनमधून म्हणायची. "गेनाऊ, अगदी बरोबर, या वीकेंडला करू," सत्यजित म्हणायचा. असे पुष्कळ वीकेंड गेले. कधी टायर बदलायचे होते, कधी कोणाच्या अंगणात ग्रिलवरचं जेवण होतं.

मग एकदा सत्यजित ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी बंद करून बसला होता. फोनवर त्याचे वडील होते, वासुदेव. ते म्हणाले, "आईच्या घशाचं ऑपरेशन नीट झालं. आजार गेला. आवाज पण गेला तिचा, तो आता येणार नाही. बाकी ठीक." सत्यजितने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "बाबा, उन्हाळ्यात तुम्ही दोघं इकडे या." आणि फोन ठेवून रडला. मी त्याला नावं ठेवणार आहे, म्हणून हे आधी सांगितलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

आई गाडीत बसणार आणि बोलणार नाही, ही शांतता त्याला सोसवेना. त्या शांततेवर त्याने उपाय शोधला. पूर्वी अमेरिकेत असताना त्याच्या गाडीत आकाशातला रेडिओ होता. उपग्रहावरून गाणी येतात, त्यातलं एक चॅनल हिंदी गाण्यांचं. तो डबा त्याने जपून आणला होता. आता तो मला जोडायचा, म्हणजे आईबाबांना गाडीत दिवसभर गाणी. डबा पुन्हा चालू करून घ्यायला त्याने माझ्यासमोर बसूनच अमेरिकेला फोन लावला. तिकडच्या बाईंनी विचारलं, सर, आपण कुठल्या राज्यात आहात? "बायर्न," सत्यजितने झोकात सांगितलं. बायर्न हे जर्मनीतलं राज्य. बाईंनी ते नाव पुन्हा उच्चारायला सांगितलं आणि शेवटी त्यांच्या यादीतलं दुसरंच काहीतरी राज्य टाकून दिलं. काम झालं म्हणून हा खूश.

शनिवारी त्याने मला डॅशबोर्डातून बाहेर ओढलं. पाठ बघितली. "एकच पोर्ट आहे. आल्झो, म्हणजे चेंजर काढू. सीड्या आता कोण ऐकतं?"

ऊर्मिला शेजारी उभी होती. "आतल्या सीड्या काढल्यास का?"

"तू काढल्या असशील ना?"

"मी? असतील मग वरच्या कपाटात," ती म्हणाली आणि आत गेली. दोघेही इंजिनियर. डब्याचं झाकण उघडून बघायला कितीसा वेळ लागतो, मित्रांनो?

त्याने माझ्या पाठीतली केबल उपटली. डिकीत जोडीदाराचे स्क्रू काढले आणि त्याच कोपऱ्यात तो अमेरिकन डबा बसवला. पाहुणे येणार म्हणून घरातलं तळघर आवरायचं होतंच. बिघडलेला टोस्टर, जुना प्रिंटर आणि माझा जोडीदार, सगळे एका खोक्यात भरून वेर्टश्टोफहोफला, म्हणजे गावाच्या भंगाराच्या आवारात नेले. नेले ते याच गाडीतून. तो मागे खोक्यात, मी पुढे ट्रॅफिकच्या बातम्या सांगतोय. उपटलेल्या केबलमधून त्याला हाकही मारता आली नाही.

आणि तो आकाशातला रेडिओ? त्याने एक सूरही काढला नाही. त्याच्याकडून जे कळायचं ते मी माझ्या पट्टीवर जर्मनमध्ये दाखवायचो: काइन एम्पफांग. सिग्नल नाही. सत्यजितने छपरावरचा अँटेना पुढे घेतला, मागे घेतला, गाडी टेकडीवर नेली. एश्बॉर्नहून त्याचा मित्र गौरांग आला होता, तो म्हणाला, "अरे वेड्या, तो उपग्रह अमेरिकेच्या डोक्यावर. तो जर्मनीवर कशाला गाणी टाकेल?"

"आकाश एकच आहे ना?"

"आकाश एकच आहे. तुझं डोकं कुठे आहे?"

सत्यजितला राग आला. अँटेनाची जागा चुकते आहे, एवढंच तो म्हणत राहिला. डबा काढला असता तर चूक मान्य केल्यासारखं झालं असतं.

विमानतळावरून येताना वासुदेव पुढे बसले, मागे प्रभाताई, ऊर्मिला आणि शमिका. प्रभाताईंच्या गळ्याला रुमाल आणि हातात पोरांची असते तशी पुसायची पाटी. वासुदेवांनी विमानात जर्मन शिकायचं पुस्तक वाचलं होतं. त्यांची नजर माझ्या पट्टीवर गेली.

"काइन म्हणजे नाही. एम्पफांग म्हणजे स्वागत," ते म्हणाले. "अरे सत्यजित, तुझा रेडिओ काय म्हणतोय हा?"

"बाबा, त्याचा दुसरा अर्थ सिग्नल. सिग्नल नाही असं म्हणतोय तो."

"असेल बाबा. पुस्तकात पहिला अर्थ स्वागतच दिलाय."

सगळे हसले. मागून प्रभाताईंनी पाटीवर काहीतरी लिहून पुढे धरलं. वासुदेवांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचलं, "गाणी नकोत. माझी शेवंतीची गोष्ट लाव. मी कशी बोलत होते ते एकदा ऐकायचंय."

सत्यजितने माझं सीडीचं बटण दाबलं. मी दाखवलं, चेंजर नाही. त्याने पुन्हा दाबलं. मी पुन्हा तेच दाखवलं. मला दुसरं काय दाखवता येतं?

"वो इस्ट आजीज त्सेडे?" शमिका म्हणाली. आजीची सीडी कुठे आहे, असं ती विचारत होती. पुढे सत्यजितने ते बटण आणखी एकदा दाबलं, मागे ऊर्मिला खिडकीबाहेर बघू लागली. घरी पोचल्यावर वरचं कपाट बघितलंच असेल त्यांनी. मिरजेच्या व्हिडिओवाल्याचं दुकान केव्हाच बंद पडलं होतं, हे दुसऱ्या दिवशी गाडीतल्या बोलण्यावरून मला कळलं.

कारण दुसऱ्या दिवशी आम्ही भंगाराच्या आवारात गेलो. वासुदेव प्रवासाने थकून घरी राहिले होते. सत्यजित आणि ऊर्मिला खाली उतरून तिथल्या माणसाला हातवारे करून चेंजरचा आकार दाखवत होते. तो माणूस नुसती मान हलवत म्हणत होता, "वेग." गेलं. भंगाराचे मोठे डबे भरले की ते उचलून नेतात.

मागे प्रभाताई आणि शमिका दोघीच. मी बंद होतो, पण कान कुठे बंद होतात. मग शमिका बोलायला लागली.

"एक होती शेळी. तिचं नाव शेवंती."

मराठीत, मित्रांनो. 'ळ' तिला नीट येत नव्हता. पण बाकी सगळं थेट तसंच. बैल तसाच, पोस्टमनच्या चपला तशाच, जिथे खोकला होता तिथे ती खोकलीसुद्धा. "शमू, ऐकतेस ना?" असं तिने स्वतःच विचारलं आणि जागा सोडली. प्रभाताईंचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. त्यांचा आवाज त्या पोरीच्या तोंडून गाडीत फिरत होता आणि त्यात माझा काडीचाही हात नव्हता.

"नावाडी म्हणाला, पलीकडे नेतो, पण परत आणत नाही हं." आणि शमिका थांबली. तिला आठवत नव्हतं असं नाही. तिला माहीतच नव्हतं.

"पुढे काय झालं, आजी?"

प्रभाताईंनी घाईघाईने पाटी घेतली. भराभरा लिहिलं, पाटी भरली, कडेलाही लिहिलं. आणि शमिकापुढे धरली. शमिकाने पाटीकडे बघितलं, मग आजीकडे. "इश कान दास निश्ट लेझन, आजी," ती हळूच म्हणाली. मला हे वाचता येत नाही.

प्रभाताईंनी पाटी मांडीवर ठेवली आणि पदराने पुसून टाकली. घरी गेल्यावर कोणी वाचून दाखवलं असतं म्हणा. पण ते वाचणं झालं असतं. गोष्ट सांगणं वेगळं असतं, आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं. आयुष्यभर तेच केलं होतं त्यांनी.

उन्हाळा संपल्यावर ते दोघे मिरजेला परतले. गोष्टीचा विषय माझ्यासमोर पुन्हा निघाला नाही. डिकीत तो डबा अजून आहे. अजून आकाश शोधतोय आणि मी अजून काइन एम्पफांग दाखवतोय. वासुदेवांनी लावलेलाच अर्थ मला हल्ली बरोबर वाटतो.

मित्रांनो, नवीन काही जोडू नका, असं मी म्हणत नाही. खुशाल जोडा. पण सॉकेट एकच असतं. नवीन वायर लावायच्या आधी हातात उपटून घेतलेली वायर कुठे जाते ते बघा, आणि त्या टोकाला जो डबा आहे तो एकदा उघडा. वीकेंडची वाट बघू नका.

आता गोष्टीचा शेवट. तुम्हाला मराठी वाचता येतं, म्हणून सांगतो. शेवंती नावेत बसत नाही. ती धावत घरी येते. तिची आई विचारते, "काय गं, कळलं का रस्ता कुठे संपतो?" शेवंती म्हणते, "नाही गं, मी अर्ध्यातूनच मागे फिरले." तेव्हा आई तिला चाटून म्हणते, "मग तिथेच संपला की."

यानंतर प्रभाताई एकदा खोकायच्या आणि शेवटचं विचारायच्या, "शमू, ऐकतेस ना?" उत्तरासाठी जागा सोडायच्या, इतर वेळेपेक्षा जरा जास्तच. मागची सीट रिकामी असायची, आणि पुढे सत्यजित फोनवर बिजागऱ्यांबद्दल बोलत असायचा.