गिरणीचे कपडे

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला, खाली ठेवला, पुन्हा धरला. मग ताईबाईला विचारलं, "आजी, तुम्ही कधी कारखान्यात कामाला होतात का?"

"न्हाई बा," ताईबाई म्हणाली. "घरचंच काम. लई तर कुणाच्या रानात खुरपायला."

"पत्रे किंवा पाइप बनवायचं काम?"

"न्हाई."

डॉक्टरांनी तिच्या शेजारी बसलेल्या नवऱ्याकडं मान वळवली. "आणि बाबा, तुम्ही?"

मच्छिंद्र जरा सावरून बसला. नोकरीचं कुणी विचारलं की त्याला अजून बरं वाटायचं. "मी दौंडच्या कागद गिरणीत. बॉयलर खात्यात. वाफ गार हू नये म्हनून पायपांना लॅगिंग करायचं काम माझ्याकडं. पांढरी दोरी असायची, कापसावानी गादी असायची. नवी गुंडाळायची, जुनी झाली का वरबाडून काढायची. सगळी गिरणी मीच गुंडाळलीय म्हना."

"त्या दोरीत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "तुमचे कामावरचे कपडे घरी कोण धुवायचं?"

मच्छिंद्रनं ताईबाईकडं बघितलं. ताईबाईच सहज बोलून गेली, "मीच की. दुसरं कोण धुनार?"

मग डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. त्या धुळीत डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक तंतू असतात. श्वासातून आत गेले की फुफ्फुसाच्या अस्तरात रुततात आणि वीस-तीस वर्षांनी त्रास देतात. ताईबाईचं अस्तर कडक झालं होतं, म्हणून छातीत पाणी धरत होतं. ते पुरतं बरं होणारं नव्हतं. पाणी साठलं की काढायचं, जपून राहायचं. मच्छिंद्रच्याही छातीचा फोटो काढला होता. "तुमचं मात्र बरं आहे," डॉक्टर म्हणाले, आणि कुणी थोबाडीत मारावी तसा मच्छिंद्रचा चेहरा उतरला.

परतीच्या गाडीत त्यानं तिला खिडकीपाशी बसवलं, पायांवर शाल घातली, आणि दौंड येईपर्यंत दुसऱ्या बाजूला बघत राहिला.

त्या दिवसापासून मच्छिंद्र मुका झाला. पहाटे उठून धुणं धुवायचा, भांडी घासायचा, भाजी चिरायचा. ताईबाईनं साधा रुमाल पिळायला घेतला तरी तो तिच्या हातातून काढून घ्यायचा. सगळं करायचा, पण बोलायचा नाही. झोपायलाही ओट्यावर जाऊ लागला. आत उकडतं म्हणायचा, आणि बाहेर गोधडी गळ्यापर्यंत ओढून घ्यायचा.

ताईबाईला दम लागण्यापेक्षा हे जड झालं. हा माणूस तिला पहिल्यापासून बोलका म्हणून माहीत. शिफ्ट सुटली की डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन यायचा आणि दारातूनच सांगायला लागायचा, कोणता फोरमन कुणावर चिडला, कुणाचा डबा कुणी खाल्ला. लेक करुणा तेव्हा लहान होती. ती पळत येऊन त्याच्या पायांना मिठी मारायची. ताईबाई त्याची पँट घेऊन मोरीकडं जायची, आधी दोन-चार वेळा जोरात झटकायची आणि मगच पाण्यात टाकायची. उन्हात ती धूळ चमकायची. तिला ती वाईट कधी वाटलीच नव्हती. कष्टाचा मळ होता तो.

करुणा आता शिरूरला राहत होती आणि रांजणगावच्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर होती. खबर कळताच ती स्कूटीवरून आली. आल्या आल्या मच्छिंद्रनं तिला एकच सांगितलं, "तू बी फोटो काढून घे." तिनं काढला. तो स्वच्छ निघाला. तिनं फोनवर तसं सांगितलं तेव्हा फोन कानाला लावूनच मच्छिंद्र मागच्या दारी गेला आणि बराच वेळ तिकडंच थांबला.

हिवाळा सरत आला होता. ताईबाई सकाळी कोवळ्या उन्हाला म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायची आणि तिथल्या दगडावर बसायची. समोर नळकोंडाळं होतं, त्याच्यापलीकडं पत्र्याच्या नव्या खोपी. बंद पडलेली गिरणी कुणा पुण्याच्या पार्टीनं विकत घेतली होती, आणि ती पाडायला जालन्याकडचे मजूर आले होते.

एके सकाळी नळावर एक तरणी बाई आली. कडेवर लेक, काखेत कपड्यांचं बोचकं. तिनं लेकीला खाली बसवलं, बोचक्यातून एक पँट काढली आणि जोरात झटकली. उन्हात पांढरी धूळ उडाली.

ताईबाई दगडावरून उठली ती धापा टाकतच तिच्यापाशी पोचली. "थांब बाई," ती म्हणाली. "झटकू नगं. खाली ठेव ते."

बाई गोंधळली. "का वो मावशी? तुमच्या अंगावर उडलं का?"

"कुठलं हाय हे?"

"गिरणीतलं. पायपाचा कापूस काढायलेत आमचे मालक. लई खाजतंय म्हनत्यात."

ताईबाईला पुढचं बोलायला दम पुरेना. तिनं त्या लेकीला आधी उचललं आणि चार पावलं लांब नेलं. बाई घाबरून मागं आली. मग दोघी दगडावर बसल्या, आणि ताईबाईनं थांबत थांबत सगळं सांगितलं. बाईचं नाव सुवर्णा. तिला ते पटेना.

"मावशी, तुम्ही बी गिरणीत कामाला व्हता?"

"मी गिरणीचं दार बी बघितलं न्हाई कवा," ताईबाई म्हणाली. "मी फकस्त कपडे धूत व्हते."

सुवर्णानं त्या पँटीकडं बघितलं. मग तिनं लेकीला पोटाशी घेतलं. "आता ह्याचं काय करू?"

ताईबाईनं तिथूनच करुणाला फोन लावला. करुणानं सगळं ऐकून घेतलं. "आई, आधी कपड्यांवर लांबून हळूच पाणी ओत," ती म्हणाली. "पूर्ण भिजले की प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं. धुवायचे नाहीत, झाडू मारायचा नाही. आणि त्या माणसांना सांग, मी येईपर्यंत पाइपाला हात लावू नका."

दुपारपर्यंत खोपीतल्या सगळ्या बायकांना बातमी कळली होती. संध्याकाळी मजूर कामावरून आले तेव्हा बायका दारांत उभ्या होत्या. सुवर्णाचा नवरा नवनाथ आत शिरू लागला, तर तिनं त्याला अंगणातच अडवून वरून घागर ओतली. "आगं थंडीचं काय करायलीस?" तो ओरडला. सुवर्णा म्हणाली, "भिजल्याबिगर आत यायचं न्हाई. कपडे हितंच काढायचे." शेजारच्या खोपींपुढंही तेच चाललं होतं. हसू येण्यासारखं होतं, पण कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मजूर कामावर गेले नाहीत, आणि ठेकेदार पोपटराव ताईबाईच्या दारात आला. माणूस वाईट नव्हता, पण वैतागला होता. "आजी, तुम्ही बायकांचं कान भरलं आन् माझं काम बंद पडलं. पायपाला नुसता कापूस हाय, काचेचा. मला तसंच सांगितलंय."

ताईबाई बोलायला गेली आणि तिला खोकला आला. तो थांबेना. मच्छिंद्र आतून पाणी घेऊन आला, तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि खोकला बसल्यावर पोपटरावाकडं वळला.

"काचेचा न्हाई," तो म्हणाला. "मीच गुंडाळलाय तो. आमाला कुनी सांगितलं न्हाई ते काय हाय. हिनं माझं कपडं धुतलं. ही माझी बायको. आता तुमच्या पोरांच्या बायका धुत्यात."

एवढंच बोलला. पोपटराव दारातच खाली बसला. मग म्हणाला, "माझा पुतण्या बी हाय वो त्यांच्यात."

करुणा रजा टाकून आली. ती, पोपटराव आणि मच्छिंद्र असे तिघे गिरणीच्या नव्या मालकाच्या मॅनेजरला भेटले. मॅनेजर आधी उडवाउडवी करत होता. आम्ही ठेका दिलाय, मजुरांचं ठेकेदार बघेल, असं म्हणाला. करुणानं आवाज चढवला नाही. "जागा तुमची आहे," ती म्हणाली. "पाडायच्या आधी आत काय काय आहे हे तपासणं तुमचं काम होतं, आणि ठेकेदाराला सांगणंही. त्यांनी माणसांना शिकवायचं, मास्क द्यायचे, अंघोळीची सोय करायची. दोघांपैकी कुणाचीच जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येत नाही." मग तिनं एवढंच विचारलं, कारखाना निरीक्षकांना तुम्ही कळवता की मी कळवू.

निरीक्षक आले. काम थांबलं. थांबलेल्या दिवसांची मजुरी द्यायला मॅनेजर तयार नव्हता, पण पोपटराव आता मजुरांच्या बाजूनं हटून बसला आणि ती मिळाली. सगळ्यांच्या छातीचे फोटो काढले गेले, आणि ते दरवर्षी काढायचे असं ठरलं. मग पाइपांचा असला कापूस काढण्याच्या कामातली एक जाणकार टोळी पुण्याहून आली. कुठल्या भिंतीआड कुठला पाइप जातो ते दाखवायला त्यांनी मच्छिंद्रला बोलावलं.

"जाऊ का?" त्यानं ताईबाईला विचारलं. कितीतरी दिवसांनी तो तिला काही विचारत होता.

"जावा की. पर आधी हितं बसा."

तो पलंगाच्या कडेला टेकला. ताईबाईनं त्याचा हात हातात घेतला. लॅगिंगच्या तारांनी चिरलेली बोटं अजून खरखरीत होती.

"तुमाला ठाव असतं, तर आनलं असतं का घरी?"

मच्छिंद्रनं मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते.

"मंग मला कसला राग असंल तुमचा? धुळीचा न्हाई बघा. पर तुमी बोलायचं सोडलं त्याचा हाय. मी दिसभर हितं पडल्याली. छातीत पानी, आन् घरात कुनी बोलंना. कुठलं आधी काढू मी?"

"मला वाटायचं, तुझ्याकडं बघायचा मला हक न्हाई ऱ्हायला," मच्छिंद्र म्हणाला.

"बघा की. अजून बरी दिसते मी."

त्याला रडता रडता हसू आलं. त्या दिवशी तो अंथरूण घेऊन घरात झोपायला आला.

मग रोज संध्याकाळी गिरणीतून आला की तो सांगायचा. सगळं खातं प्लॅस्टिकनं कसं झाकलंय. आतली हवा ओढून गाळायला कसं मशीन लावलंय. पाइपावर आधी साबणाच्या पाण्याचा फवारा मारतात, गादी चिंब झाली की मग अलगद सोडवतात आणि दोन-दोन पिशव्यांत बंद करून वर लाल चिठ्ठी लावतात. बाहेर निघायला तीन खोल्या केल्यात. पहिलीत पांढरा सूट काढायचा, मधलीत डोक्यावरून अंघोळ, तिसरीत घरचे कपडे. "सूट तिथंच पिशवीत जातो," तो सांगायचा. "मास्क मातर अंघोळ संपल्याबिगर काढायचा न्हाई. मी आत जात न्हाई, काचेतून बघतो. नवनाथ बी त्यांच्यासंगं काम करायला शिकलाय आता. अंघोळीला तास लावतो. पोपटराव बाहेरनं बोंबलतोय, आरं लग्नाला निघालास का काय." ताईबाई डोळे मिटून ऐकायची. मध्येच गप्प झाला तर म्हणायची, "फुडं?"

पिशव्या खास बंद गाडीतून गेल्या. हवा तपासून झाली, मगच गिरणीच्या भिंती पाडल्या. सुवर्णा आणि नवनाथ पुढच्या कामावर निघाले तेव्हा पाया पडायला आले. सुवर्णानं लेकीला ताईबाईच्या मांडीवर ठेवलं. लेक ताईबाईच्या पदराचा काठ चघळत बसली.

ताईबाईच्या छातीत त्या उन्हाळ्यात पुन्हा एकदा पाणी झालं आणि काढावं लागलं. करुणानं घरात ऑक्सिजनचं मशीन आणून ठेवलं. डॉक्टरांनी मच्छिंद्रला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते त्यानं घरी येऊन ताईबाईला जसंच्या तसं सांगितलं. लपवायचं नाही, असं दोघांचं ठरलं होतं.

वैशाखात एकदा तिला नदी बघावीशी वाटली. मच्छिंद्रनं रिक्षा केली. रिक्षा जिथवर जाते तिथवर गेले, पुढं भीमेच्या काठापर्यंत पायवाट होती. अर्ध्यात ताईबाईला दम लागला. तिथं एक पडलेलं बाभळीचं खोड होतं. मच्छिंद्रनं रुमालानं त्याच्यावरच्या मुंग्या झटकल्या आणि तिला बसवलं. पाणी तिथून थोडंसंच दिसत होतं, पुलावरून मालगाडी चालली होती.

"परत जाऊ का?" त्यानं विचारलं. "तुला झेपंना."

"बसू की जरा," ती म्हणाली. "दम आला का मंग जाऊ फुडं."

तो तिच्या शेजारी बसला आणि मालगाडीचे डबे मोजता मोजता आपला आकडा कुठं चुकला, ते सांगू लागला.