दुसरी वेलांटी

छापखान्यात तिला सगळे वेलांटी म्हणत. नाव बाबांनीच ठेवलेलं. आई गेली तेव्हा ही पाच वर्षांची. शाळा सुटली की थेट छापखान्यात यायची आणि बाबांच्या टेबलाखाली मुटकुळं करून झोपायची. बाबा मुद्रितशोधक. छपाईला जाणाऱ्या कागदातल्या चुका लाल शाईने पकडायच्या, हा त्यांचा धंदा आणि हाच स्वभाव. औषधाच्या खोक्यावरचा मजकूरसुद्धा माणूस पेन उघडून वाचायचा.

नियम मात्र एकच. चूक सुधारायची, मजकुराला हात लावायचा नाही. एकदा पंधरा दिवसांत टकलावर केस उगवणाऱ्या तेलाची जाहिरात आली. बाबांचं स्वतःचं डोकं तुळतुळीत. त्यांनी 'उगवतिल'चं 'उगवतील' केलं आणि कागद पुढे पाठवला. सगळा छापखाना पोट धरून हसला. "खोटं बोलायचंच तर शुद्ध तरी बोलावं," एवढंच ते म्हणाले.

शाळा संपली आणि वेलांटीच्या डोक्यात शेजारच्या राज्यातलं सरकारी विद्यापीठ शिरलं. तिला दगडांचा अभ्यास करायचा होता आणि त्यासाठी तिथल्यासारखा विभाग दुसरीकडे नव्हता. पण शंभरातल्या नव्वद जागा तिथल्या रहिवाशांच्या. उरलेल्या दहांवर बाहेरच्या सगळ्यांच्या उड्या. रहिवाशांच्या यादीत तिचे गुण आरामात बसत होते, बाहेरच्यांच्या यादीत ती शेपटाला लटकत होती.

मावशी त्याच शहरात राहायची. फोनवर म्हणाली, "अगं, मला पालक दाखव ना! तुझ्या बाबांचं दोन ओळींचं पत्र जोडलं की झालीस तू इथली. सगळे करतात."

वेलांटीने पत्र टाइप केलं. 'मी माझ्या मुलिचा सांभाळ करत नाही. गेली दोन वर्षे ती मावशीकडे राहते.' खाली सहीची रेघ, रेघेखाली 'वडिल'. वाचताना तिचे कान तापले. तरी तो कागद तिने दाखल्यांच्या प्रतींमध्ये घुसवला आणि दुपारी बाबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"बाबा, चार सह्या हव्यात. वाचण्यासारखं काही नाही त्यात."

"असा कागद अजून निघायचाय," बाबा हसले. "जा, चहा पिऊन ये. तोवर बघून ठेवतो."

कागद ओढून घ्यायची हिंमत झाली नाही. चहाला न जाता ती पायऱ्यांवर बसून राहिली. आतून यंत्राचा खडखडाट येत होता आणि बाबा आत्ता कितव्या कागदावर असतील, हे ती मनात मोजत होती.

परत गेली तेव्हा ते पत्र सगळ्यात वर होतं. 'मुलिचा'मधली पहिली वेलांटी खोडून दुसरी दिली होती. 'वडिल'चंही तेच. मजकूर जसाच्या तसा. खाली ठसठशीत सही.

"अर्जात अशा चुका बऱ्या दिसत नाहीत," बाबा म्हणाले. "मुलीची वेलांटी दुसरी. किती वेळा सांगितलंय?"

ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. निदान उलट बोलता आलं असतं. आता तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने टेबलावरचं लाल पेन उचललं आणि पहिलं वाक्य खसकन खोडलं.

बाबांनी पेन तिच्या हातातून काढून घेतलं. खोडलेल्या शब्दांखाली एकेक टिंब देत गेले आणि समासात लिहिलं, 'राहू द्या'. खोडलेलं परत ठेवायचं असलं की मुद्रितशोधक असंच करतात. वेलांटीला ही खूण बाराखडीच्याही आधीपासून ठाऊक होती.

"बाबा, मी..."

"स्वच्छ प्रत काढून आण, पुन्हा सही करतो. तुझं नाव यादीत लागलं की झालं. कागदावर मी असलो काय नि नसलो काय."

हे त्यांनी अगदी सहज म्हटलं. पेनाला टोपण लावताना मात्र ते दोनदा चुकले.

ती पलीकडच्या खोलीतल्या संगणकावर जाऊन बसली. दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. मग 'सांभाळ करत नाही' या शब्दांवर तिचा हात अडला. दातात कंगवा धरून रोज सकाळी तिच्या वेण्या घालणारा हा माणूस. वेण्या वाकड्या व्हायच्या, शाळेत मुली हसायच्या, आणि ती सांगायची, मावशीने घातल्या. म्हणजे बाबांना पुसून तिथे मावशीला बसवायची ही काही तिची पहिली वेळ नव्हती. हे आठवलं आणि तिला स्वतःची किळस आली.

तिने पत्र काढून टाकलं. अर्ज उघडला. 'रहिवासी'वरची खूण पुसून 'राज्याबाहेरील'वर केली. पालकाच्या रकान्यात बाबांचं नाव, पत्ता, व्यवसाय, नातं, सगळं भराभर टाइप केलं. डोळ्यांतल्या पाण्यामुळे समोरचं धड दिसत नव्हतं. छापलेला अर्ज तिने बाबांपुढे ठेवला.

बाबांनी चष्मा पुसला. पहिल्या ओळीपासून बोट धरून वाचत गेले. पालकाच्या रकान्याशी बोट थांबलं, वर गेलं, पुन्हा तिथेच आलं.

"राज्याबाहेरील," ते मोठ्याने म्हणाले. "दहाच जागा ना गं?"

"हो."

"आणि नाही लागलं नाव तर?"

"तर नाही लागलं." तिची मान वर होत नव्हती. "चूक आहे का कुठे?"

बोट तिसऱ्यांदा त्याच रकान्यावरून फिरलं. "नाही," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "एकही नाही. पाठव."

तिने अर्ज पाठवला. संध्याकाळी घरी प्रत फाइलला लावताना तिची नजर त्या रकान्यावर गेली. 'अर्जदाराशी नाते: वडिल.' वेलांटी पहिली.

तीस वर्षांत बाबांच्या बोटाखालून सुटलेली ही पहिली चूक होती.