दुसरी सही

चौथ्या मजल्यावरच्या सभागृहात हॉस्पिटलच्या चाळीस नर्सेस हातात एकेक रबर बँड घेऊन बसल्या होत्या आणि बाहेरून आलेल्या प्रशिक्षिका बाई त्यांना सांगत होत्या, "ताणा... अजून ताणा... आता सोडा. बघा, आला ना परत आपल्या जागी? आपलं मनही असंच असतं. ताण येणारच, पण परत जागेवर यायला शिकायचं!"

ताईने रबर बँड ताणला. तो तुटला आणि सटकन बोटावर बसला.

"तुमचा जुना होता बहुतेक," बाई गोड हसल्या आणि त्यांनी तिला दुसरा दिला.

ताई म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या मेडिसिन वॉर्डाची इन्चार्ज. एकतीस वर्षं नोकरी, गुडघे कामातून गेलेले, आणि आवाज असा की वॉर्डाच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचा पेशंट गोळी गिळून मोकळा व्हायचा. तिला ताई म्हणत नव्हते असे दोघेच जण, एक नवरा आणि एक मेट्रनबाई. या कार्यशाळेला ती आपणहून आली नव्हती. तपासणीसाठी वरून माणसं येणार होती, त्यांना "कर्मचाऱ्यांचं मनोबल" या रकान्यात शंभर टक्के हजेरी दाखवायची होती, म्हणून प्रत्येक वॉर्डातून एकेक सिस्टर अकरा ते एक या वेळात उचलून वर आणलेली. मेडिसिन वॉर्डात सकाळच्या पाळीला सिस्टर दोनच. त्यातली एक वर आली म्हणजे खाली किती उरल्या, हा हिशोब पहिलीतल्या पोरालाही जमला असता. ऑफिसला जमला नाही.

दारात एक वेताची टोपली ठेवली होती. आत येताना सगळ्यांनी आपापले मोबाइल त्यात टाकायचे. "दोन तास स्वतःसाठी," बाई म्हणाल्या होत्या.

खाली वॉर्डात होती बारकी. चोवीस वर्षांची, कंत्राटावर लागून जेमतेम पाच महिने झालेले, अंगाने इतकी किरकोळ की सगळ्यात लहान मापाचा गणवेशही तिला दोन्ही बाजूंनी पिना लावून घालावा लागायचा. कामाला मात्र वाघीण. आदल्या दिवशी दुपारची सिस्टर आली नाही, तर हीच सकाळची दुपारलाही थांबली. सलग तेरा तास उभी, आणि सकाळी साडेसातला पुन्हा हजर. चौतीस पेशंट, त्यातले सात जण दुपारच्या जेवणाआधी इन्सुलिन घेणारे.

इथे वॉर्डातली एक गोष्ट सांगायला हवी. इन्सुलिन आणि तसलीच काही औषधं जोखमीची. त्यांची वेगळी वही असते आणि त्या वहीत प्रत्येक डोसापुढे दोन सह्या लागतात. एक देणारीची, दुसरी तपासणारीची. दुसरीने शेजारी उभं राहून बाटली बघायची, सिरिंज बघायची, आकडा बघायचा आणि मग सही करायची. नियम सोन्यासारखा. फक्त दोन सिस्टर आणि चौतीस पेशंट असताना दुसरी प्रत्येक वेळी शेजारी येऊन उभी राहणार कशी? म्हणून सगळ्या वॉर्डांत एक रीत पडली होती. पाळी सुरू झाली की इन्चार्ज वही उघडायची आणि पाळीतल्या सगळ्या डोसांपुढे दुसरी सही आधीच ठोकून ठेवायची. ताईला हे कुणी शिकवलं? मेट्रनबाईंनी. तेव्हा त्याच त्या वॉर्डाच्या इन्चार्ज होत्या, आणि त्यांनाही कुणीतरी शिकवलंच असणार.

त्या दिवशीही ताईने सकाळी साडेसातला सात डोसांपुढे सात सह्या केल्या होत्या.

बारा वाजता बारकीने सतरा नंबरच्या आजोबांचं इन्सुलिन भरलं. इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या येतात आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या. साध्या बाटलीला लाल टोपीची, अडीचपट कडक बाटलीला केशरी टोपीची. स्टोअरने दोन्ही एकाच डब्यात कोंबून पाठवलेल्या. बाटली होती कडक, हातात आली लाल टोपी. बारा युनिट द्यायची म्हणून बाराच्या आकड्यापर्यंत भरलं आणि आजोबांच्या अंगात गेली तीस युनिट. शेजारी दुसरं माणूस असतं तर टोपीचा रंग बघून ओरडलं असतं. दुसरं माणूस रबर बँड ताणत होतं.

पाऊण तासाने वॉर्डातल्या मावशी जेवणाची ताटं उचलायला गेल्या, तर आजोबांचं ताट तसंच, अंगातला सदरा घामाने चिंब आणि बोलणं भलतंच. मावशींनी हाक मारली. बारकीने बोटाला सुई टोचून साखर बघितली, तर ती पार तळाला गेलेली. तिचे हात थांबले नाहीत. शिरेतून ग्लुकोज चढवता चढवता तिने ताईला तीनदा फोन केला. फोन टोपलीत वाजत राहिला, आणि प्रशिक्षिका बाई म्हणाल्या, "बघा, हा आवाज ऐकूनही आपण शांत राहू शकतो. खोल श्वास घ्या."

ताईने घेतला. या एका श्वासापायी तिला पुढे कितीतरी दिवस स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटणार होतं.

शेवटी मावशीच साठीच्या वयात दोन मजले धावत चढून आल्या. "ताई, खाली चला. सतरा नंबर." एवढंच म्हणाल्या आणि दारातच खाली बसल्या.

ताई पोहोचली तेव्हा आजोबा शुद्धीवर होते आणि चहा मागत होते. बारकी त्यांच्या पलंगाजवळ सलाइनचा स्टँड धरून उभी होती. तो स्टँड तिनेच धरलाय की त्याने तिला, हे कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रनबाईंनी ताईला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"तीन वाजता साहेबांपुढे चौकशी आहे. पोरीला काढायचं पत्र टाइप करून ठेवलंय. तिची नोंदणीही रद्द करायला नर्सिंग कौन्सिलकडे जाईल."

"आजोबा ठणठणीत आहेत, मॅडम. तिनेच वाचवलं त्यांना."

"तिनेच मारलंही असतं." मेट्रनबाईंनी वही पुढे सरकवली. "हे बघ, तुझी सही आहे. म्हणजे तू तपासलं होतंस. तू एवढंच लिहून दे की वर जाण्याआधी मी ट्रे लावला, केशरी टोपीची सिरिंज काढून ठेवली. मागाहून पोरीने निष्काळजीपणाने बदलली. विषय संपला."

"मी ट्रे लावला नव्हता."

"मला माहितीये गं." मेट्रनबाईंचा आवाज खाली आला. "तुझी दोन वर्षं राहिलीत. तू अडकलीस तर सगळे विचारतील की तुला वर कुणी बोलावलं, वॉर्ड एकटीवर कुणी सोडला. सगळ्यांनाच जड जाईल. ती कंत्राटावरची आहे. लहान आहे. कुठेतरी लागेल."

"नोंदणी गेल्यावर कुठे लागेल? भाजी विकायला?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. सगळ्यात जास्त राग तिला त्या वहीचा आला. तिच्याच अक्षरातली, तिच्याच वळणाची ती सही. एकतीस वर्षं मान वर करून केलेली सही आज एका पोरीचा गळा धरून उभी होती, आणि मेट्रनबाईंना त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं.

ती वॉर्डात परत आली. बारकीला त्या दिवशी पेशंटना हात लावायची मनाई होती, म्हणून ती लिनन रूममध्ये चादरींच्या घड्या घालत बसलेली. डोळे सुजलेले.

"ताई, माझीच चूक आहे. मी टोपी बघितली नाही."

"नाही बघितलीस," ताई म्हणाली. "चूक तुझी आहेच, ती मी पुसणार नाही. पण ती पकडायला जिला ठेवलं होतं ती कुठे मेली होती, तेही विचार की."

"तुमचं नाव कशाला मध्ये? तुमची दोनच वर्षं..."

"आता तूही सुरू झालीस? माझी दोन वर्षं काय सगळ्या गावाने मोजायला घेतलीत?" ताई अशी खेकसली की बाहेर मावशींच्या हातातली बादली हिंदकळली. मग तिने बारकीच्या हातातली चादर घेतली, दुसरं टोक तिच्याकडे दिलं आणि दोघींनी मिळून घडी घातली. "घरी काही सांगितलंस?"

"आईला सांगितलं, सुट्टी मिळतेय बहुतेक."

ताईने ढिगातली पुढची चादर ओढली.

तीन वाजता अधीक्षक साहेबांच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला साहेब, शेजारी मेट्रनबाई. दुसऱ्या बाजूला ताई. बारकीचं म्हणणं आधीच लिहून घेतलं होतं आणि तिला बाहेर बाकावर बसवलं होतं. टेबलावर ती वही आणि टाइप केलेलं पत्र. खोलीच्या बरोबर वर सभागृह होतं. छतातून पावलांचा आणि मधूनच टाळ्यांचा आवाज येत होता.

"सिस्टर, तुमचं निवेदन?" साहेब म्हणाले.

ताईने कागद पुढे केला. साहेबांनी तो मोठ्याने वाचायला घेतला आणि तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज पडला. "दुसरी सही माझी आहे. ती मी सकाळी साडेसात वाजता केली. बारा वाजता औषध दिलं गेलं तेव्हा मी चौथ्या मजल्यावर कार्यशाळेत होते. मी सिरिंज पाहिली नाही. ट्रे पाहिला नाही. त्या वेळी वॉर्डात चौतीस पेशंट आणि एक सिस्टर होती."

मेट्रनबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"म्हणजे तुम्ही न बघता सही केली?"

"हो."

"याचा अर्थ कळतोय का तुम्हाला? हे त्या मुलीच्या चुकीपेक्षा गंभीर आहे. इतकी वर्षं नोकरी केलेल्या बाईने असला बेजबाबदारपणा—"

"साहेब," ताई म्हणाली, आणि तिचा तो वॉर्डाच्या दोन टोकांना पुरणारा आवाज त्या खोलीत मावेना, "सगळ्या वॉर्डांच्या जोखमीच्या वह्या मागवा. आत्ता. मी खोटं बोलत असेन तर मला याच दारातून हाकला."

"त्याची काही गरज नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. "हा एका वॉर्डाचा विषय आहे."

त्या जरा जास्तच चटकन म्हणाल्या. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि शिपायाला हाक मारली.

जवळच्या सहा वॉर्डांच्या वह्या आधी आल्या. साहेबांनी पहिली उघडली. आजचं पान. दुपारची पाळी दोनला सुरू झालेली. चार वाजताचा डोस. देणारीच्या रकान्यात काही नाही. तपासणारीच्या रकान्यात सही. साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

दुसरी वही. चारचा डोस, सही. सातचा डोस, सही. तिसरी तशीच. चौथी तशीच. सहावी उघडेपर्यंत साहेबांचा चेहरा उतरला होता.

"हे... अजून दिलेलंच नाही ना?"

"नाही. पण तपासून झालंय," ताई म्हणाली. "गेली तीस वर्षं इथे असंच तपासलं जातंय. आम्हाला मन घट्ट करायला शिकवताय, साहेब. आमची मनं घट्टच आहेत, नाहीतर आम्ही कधीच पळून गेलो असतो. आम्हाला शेजारी उभं राहायला एक माणूस पाहिजे. बस, एक माणूस."

साहेबांनी सर्जिकल वॉर्डाच्या वहीवर बोट ठेवलं. "ही सही कुणाची? तिला इथे बोलवा."

शिपाई दारातच घुटमळला. "त्या वॉर्डात नाहीत, साहेब."

"मग कुठे आहेत?"

शिपायाने बोट छताकडे केलं. "वर. दुसरी बॅच आहे. पाचला सुटेल."

वर टाळ्या वाजल्या. बराच वेळ वाजत राहिल्या.

साहेबांनी टाइप केलेलं पत्र ओढून घेतलं. फाडलं नाही, त्यांच्यासारखी माणसं कागद फाडत नाहीत. त्यावर आडवी रेघ मारली, "रद्द" लिहिलं, सही केली.

"वेळ पण घाला, साहेब," ताई म्हणाली.

त्यांनी वेळ घातली. मग मान वर न करता म्हणाले, "तुमच्यावर कारवाई होईल, सिस्टर. मला ती टाळता येणार नाही."

"करा की. पण वॉर्डात दुसरं माणूस दिल्यावर करा, नाहीतर बारकी पुन्हा एकटी पडेल." ती उठली. मेट्रनबाईंच्या खुर्चीपाशी क्षणभर थांबली. त्यांनी वर बघितलं नाही.

बाहेर बाकावरून बारकी ताडकन उठली. "ताई, काय झालं?"

"राहिलीस. पुढचं नंतर सांगते. किती वाजले?"

"पावणेचार होतायत."

"सर्जिकलला चारचं इन्सुलिन आहे. तिथली इन्चार्ज वर टाळ्या वाजवतेय आणि खाली दुसरी सिस्टर एकटीच आहे. चल."

"पण मला हात लावायची मनाई आहे."

"हात कोण लावायला सांगतंय? डोळे लावायचेत."

सर्जिकलची सिस्टर सिरिंज भरतच होती. दोघींना बघून ती दचकली, म्हणाली, "सही झालीये, ताई." ताईने वही ओढली, तयार असलेली दुसरी सही दोन रेघांनी खोडली आणि पलंगाशी जाऊन उभी राहिली. बाटली बघितली. आकडा बघितला.

"टोपी?" तिने बारकीला विचारलं.

बारकीने वाकून बघितलं, पुन्हा एकदा बघितलं. "केशरी, ताई. बरोबर आहे."

मग ताईने सही केली, घड्याळात बघून शेजारी वेळ लिहिली आणि "तूही बघितलंस, तूही कर," म्हणत पेन बारकीच्या हातात दिलं.